लिपी देणारे संत

रशियन पुस्तकांवरची अक्षरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्या लिपीला 'सिरिलिक' म्हणतात. नाव संत सिरिल यांचे. पण बहुतेक अभ्यासकांच्या मते ही लिपी त्यांची नव्हे. त्यांनी घडवलेली लिपी निराळी होती. मग हे नाव कसे पडले?

नवव्या शतकात ग्रीकांच्या थेस्सालोनिकी शहरात मेथोडियस आणि कॉन्स्टंटाईन हे भाऊ वाढले. धाकटे कॉन्स्टंटाईन म्हणजेच पुढचे सिरिल. शहराभोवती स्लाव्ह लोकांची वस्ती असल्याने त्यांची बोली दोघांनाही येत होती. इ. स. ८६२ च्या सुमारास मोराव्हियाचा, म्हणजे आजच्या झेक-स्लोव्हाक मुलखाचा, राजा रास्तिस्लाव्ह याने बायझंटाईन सम्राटाकडे मागणी केली की, आमच्या लोकांना त्यांच्याच भाषेत धर्म सांगणारे शिक्षक पाठवा.

स्लाव्ह बोलीला स्वतःची लिपी नव्हती. 'च', 'श' अशा ध्वनींना ग्रीकमध्ये अक्षरच नाही. कॉन्स्टंटाईन यांनी त्या बोलीतले ध्वनी टिपून नवी अक्षरे योजली. हीच ग्लागोलिती लिपी. तिच्यात बायबलचे भाग आणि प्रार्थना उतरल्या.

विरोध झालाच. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत देवाची उपासना व्हावी, असा काही धर्मगुरूंचा आग्रह होता. व्हेनिसमध्ये कॉन्स्टंटाईन यांनी त्यांच्याशी वाद घातला. पुढे पोपनी स्लाव्ह ग्रंथांना मान्यता दिली. पण ८६९ मध्ये कॉन्स्टंटाईन रोममध्ये वारले. अखेरच्या आजारात संन्यास घेताना त्यांनी सिरिल हे नाव धारण केले होते. मेथोडियस यांना बव्हेरियाच्या बिशपांनी सुमारे अडीच वर्षे कैदेत ठेवले. ८८५ मध्ये तेही गेले आणि शिष्यांना मोराव्हियातून हाकलण्यात आले. काहींना तर गुलाम म्हणून विकले गेले.

इतके झाल्यावर ही अक्षरे पुसली जायची; पण क्लेमेंट आणि नाउम हे शिष्य बल्गेरियात पोहोचले. राजा बोरिस याने त्यांना आश्रय दिला. क्लेमेंट यांनी ओह्रिडच्या परिसरात सात वर्षांत साडेतीन हजार शिष्य शिकवले, असे त्यांचे जुने चरित्र सांगते. पुढे बल्गेरियातच ग्रीक अक्षरांच्या आधाराने एक सोपी लिपी तयार झाली. तिला आद्य गुरूंचे नाव मिळाले.

बल्गेरियात २४ मे हा या अक्षरांचा सण असतो. शाळकरी मुले मिरवणुका काढतात. २००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात आला, तेव्हा सिरिलिक ही संघाची तिसरी अधिकृत लिपी ठरली. सोफियाच्या विद्यापीठाला मात्र नाव आहे ते शिष्याचे, क्लेमेंट यांचे.