चुनखडीतला समुद्र आणि विषारी वायू

पानाच्या डब्यातला चुना आपल्या घरांत सगळ्यांच्या ओळखीचा. मराठीत ‘चुना’, कन्नडमध्ये ‘सुण्ण’. तो ज्यापासून होतो ती चुनखडी, म्हणजे सुण्णद कल्लु, आपल्या जवळच्या बागलकोट-लोकापूर भागात भरपूर आहे. ती शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रात तयार झाली, असे मी वर्गात सांगतो तेव्हा प्रश्न येतोच, ‘‘सर, हे कशावरून?’’

उत्तर दगडाच्या रसायनात आहे. चुनखडी घडताना समुद्राच्या पाण्यातले प्राणवायू, कार्बन, स्ट्रॉन्शियम तिच्यात कोंडले जातात. प्राणवायूचे अणू हलके आणि जड असे असतात. पाणी उबदार असेल तर दगडात जड अणू कमी शिरतात. बाष्पीभवन फार झाले तर वाढतात. यावरून प्राचीन तापमान मोजण्याची कल्पना हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडली. मात्र पुढे जमिनीतले पाणी मुरून ही नोंद बिघडू शकते. तसे झाले असेल तर बहुधा मँगेनीज वाढते, स्ट्रॉन्शियम घटते. म्हणून आधी साक्षीदार पारखायचा, मग साक्ष घ्यायची.

नैसर्गिक वायू शोधणाऱ्यांना ही साक्ष फार मोलाची असते. चीनच्या सिचुआन खोऱ्याचेच पाहा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उष्ण समुद्र होता. लाटांनी घोळवलेल्या खसखशीएवढ्या चुनकणांचे बांध तयार झाले. त्यांच्या आडोशाला पाणी आटून जिप्सम साचले आणि मॅग्नेशियमयुक्त खारे पाणी मुरून चुनखडीचा डोलोमाइट झाला. अशा सच्छिद्र डोलोमाइटात वायू साठतो. जुना बांध कुठे होता हे कळले, की विहीर कुठे खोदायची याचा अंदाज येतो. २००३ मध्ये पुगुआंग हे मोठे वायुक्षेत्र अशाच खडकात सापडले.

पण धोकाही त्याच जिप्सममध्ये आहे. खोलवरच्या उष्णतेत त्यातले सल्फेट आणि वायू यांची क्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड हे विष तयार होते. सोबत जे नवे कॅल्साइट बनते, त्यात वायूतला हलका कार्बन असतो. प्रयोगशाळेत ही खूण ओळखता येते.

२३ डिसेंबर २००३ च्या रात्री चोंगकिंगमधील काइशियन परगण्यात याच काळातल्या खडकांपर्यंत खोदलेल्या विहिरीतून वायू उसळला. २४३ माणसे मेली. त्यांत बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. चौकशीत विहिरीवरचा हलगर्जीपणा उघड झाला. हा वायू हवेपेक्षा जड, सखल जागी साचतो. प्रमाण वाढले की नाकाला वासही कळेनासा होतो.

अशी विहीर खोदण्याआधी वायू किती मिळेल याचा हिशेब होतोच. भोंगा कधी वाजवायचा आणि लोकांनी वाऱ्याच्या उलट, उंच जागी कोणत्या वाटेने जायचे, हेही तेव्हाच ठरले पाहिजे. दगडाने दिलेला इशारा प्रयोगशाळेच्या अहवालातच राहिला, तर गावाला त्याचा काय उपयोग?