थकलेली बिले आणि सुविधा परिषदेची घडी

माल गेला, बिल गेले. पैसे मात्र आले नाहीत. खामगाव, मलकापूर वा चिखलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराला हे दुखणे नवे नाही. मोठ्या ग्राहकाशी भांडावे तर पुढची ऑर्डर हातची जाते, न भांडावे तर बँकेचा हप्ता थकतो.

या कोंडीवर कायद्याने उपाय योजला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते.

दाद कोठे मागायची?

ही वसुली राज्य शासनाने स्थापन केलेल्या सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे मागता येते. उद्योजक तिला 'फॅसिलिटेशन कौन्सिल' म्हणून ओळखतात. २०१७ मध्ये 'समाधान' या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोय सुरू झाली. प्रथम तडजोड, ती फसल्यास लवाद, असा हा क्रम आहे. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे, असे कायदा सांगतो. निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला त्यातील ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते.

कायदा असा कडक असला, तरी त्याची धार परिषदेच्या रचनेवर अवलंबून आहे. कलम २१ नुसार परिषदेत ३ ते ५ सदस्य असतात. उद्योग संचालक किंवा त्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो. उद्योजक संघटना, बँका व वित्तीय संस्था यांचे प्रतिनिधी आणि उद्योग, वित्त, कायदा वा व्यापाराचे जाणकार यांतून उरलेले सदस्य येतात. म्हणजेच परिषद हे रोज बसणारे न्यायालय नव्हे. अध्यक्षांच्या माथी खात्याचे इतर काम असते. शिवाय खरेदीदार एखादे शासकीय महामंडळच असेल, तर निःपक्षतेचा प्रश्नही उभा राहतो.

कार्यपद्धतीतील चूक किती महाग पडते, हे राजस्थानातील एका प्रकरणाने दाखवून दिले. तेथील परिषदेने २०१२ मध्ये लवादाची प्रक्रिया न करताच पैसे देण्याचा आदेश काढला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शून्यवत ठरविला. तडजोड करणारी परिषदच पुढे लवाद म्हणून काम करू शकते, असे याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. सदस्यांची जबाबदारी त्यामुळे दुहेरी झाली आहे.

सुधारणा राज्याच्या हाती

अध्यक्षपदाची तरतूद बदलायची तर संसदेकडे जावे लागेल. परंतु परिषदा किती असाव्यात, सदस्य कसे नेमावेत, रिक्त जागा कशा भराव्यात आणि कामकाज कसे चालावे, हे ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाचाच आहे. त्यामुळे काही गोष्टी नियमांतूनच साधता येतील. बैठकांच्या तारखा वर्षाच्या आरंभीच ठरवाव्यात. सदस्याची मुदत संपण्यापूर्वीच पुढील नेमणूक व्हावी. प्रत्येक परिषदेत लवाद कायद्याचा एक जाणकार असावा. हितसंबंध असलेल्या सदस्याने त्या प्रकरणापुरते दूर राहावे. दाखल, निकाली व प्रलंबित प्रकरणांचा जिल्हावार तक्ता दर तिमाहीस जाहीर व्हावा.

बुलढाणा हा विदर्भाच्या पश्चिम टोकाचा जिल्हा. येथून नागपूर दूर, मुंबई त्याहून दूर. चार-पाच कामगारांच्या कारखान्याचा मालक एका सुनावणीसाठी दिवसभर बाहेर राहिला, तर काम थांबते. म्हणून दूरचित्र सुनावणीची सोय जिल्हा उद्योग केंद्रात असावी; अर्ज, बिले, माल पोहोचल्याच्या पावत्या नीट लावून देण्याचे साहाय्यही तेथेच मिळावे. उद्योजकानेही उद्यम नोंदणी आणि लेखी खरेदी आदेश यांबाबत हयगय करू नये.

कायद्यातील ९० दिवसांची मुदत कारखानदाराला खरोखर अनुभवता आली, तरच ही परिषद त्याला आपली वाटेल.