रात्रीची लक्षणे आणि मधुमेह : कुटुंबीयांसाठी थोडी माहिती



वार्षिक जमाखर्च मांडताना एक गोष्ट दरवर्षी आमच्या मनाला लागून राहते. पायाची जखम भरत नाही म्हणून नळदुर्ग व परिसरातील खेड्यांतून जे रुग्ण येतात, त्यांपैकी काहींना आपणास मधुमेह असल्याचे येथेच प्रथम समजते. घरच्या मंडळींशी बोलल्यावर कळते की, रात्री वारंवार उठणे कित्येक महिन्यांपासून चालू होते. कोणी त्याला वय म्हटले, कोणी थंडी, तर कोणी उष्णता.

यामागील कारण साधे आहे. रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती पूर्णपणे परत शोषून घेता येत नाही. ती लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते. त्यामुळे रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते, घशाला कोरड पडते आणि उशाशी ठेवलेला तांब्या रिकामा होऊनही तहान भागत नाही. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास नसांना इजा होते. तळपायांची आग होते, मुंग्या येतात व हा त्रास रात्री अधिक जाणवतो. त्याच्या जोडीला थकवा किंवा अकारण वजन घटणे असल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये.

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास आपला थकवा जागरणाचा वाटतो. रात्री बाहेर जावे लागू नये म्हणून काही भगिनी संध्याकाळनंतर पाणीच कमी पितात. अशा वेळी लक्षण झाकले जाते, आजार मात्र वाढत राहतो.

'आमचा माणूस तर सडपातळ आहे', असेही आम्ही ऐकतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे की, भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

रात्री उठणे म्हणजे मधुमेहच, असे मात्र नाही. प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा उशिरा घेतलेला चहा हीदेखील कारणे असतात. निर्णय रक्ततपासणीनेच होतो. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक, अथवा लक्षणे असताना कोणत्याही वेळी २०० वा अधिक आढळल्यास डॉक्टर पुढील निदान करतात. तिशीनंतरच्या सर्वांसाठी ही तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांतही होते.

दोन प्रसंगी विलंब नको. लहान मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले व वाळू लागले, तर त्याच दिवशी रक्त तपासावे. दुसरे म्हणजे, इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्या रुग्णास रात्री दरदरून घाम, थरथर किंवा भांबावलेपणा आल्यास साखर उतरली असण्याचा संभव असतो. तो शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात आणावे.

आम्ही हिशेबाची माणसे आहोत. घरातील कोण रात्री किती वेळा उठते, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी, एवढीच आमची विनंती. वेळेवर झालेल्या एका रक्ततपासणीचा खर्च अल्प असतो. न भरणाऱ्या जखमेपायी कुटुंब कर्जात बुडते आणि कधी पायही गमवावा लागतो. आपल्या देणगीतून होणारी प्रत्येक तपासणी हे संकट टाळू शकते.