वरून वाळू, खाली पाणी : बनातल्या जमिनीची ओळख



ओढ्याकाठची, नदीकाठची बाभळीची बने मोडून तेथे उसाची लागण करण्याकडे बऱ्याच सभासदांचा कल दिसतो. ‘‘बनातली जमीन हलकी, वाळूसर. तिथं पाणी साठायचा प्रश्नच नाही’’ हे वाक्य गटागटांतून फिरताना नेहमी कानावर येते. पहिली लागण झकास येते. खोडवाही बरा जातो. दुसऱ्या लागणीपासून मात्र ऊस पिवळा पडू लागतो, फुटवे मरतात आणि ऐन श्रावणात वाढ थांबते. मग बेणे बदलून होते, युरियाचे पोते वाढवून होते, चिटबॉयला बोलून होते. ऊस काही हलत नाही. सोसायटीचे कर्ज मात्र वेळेवर वाढत असते. म्हणून या जमिनीचा स्वभाव नीट समजून घेणे जरूर आहे.

जमीन सर्वेक्षणात निचऱ्यावरून जमिनीच्या सात प्रती पाडतात. एका टोकाला पाणी अजिबात न धरणारी माळाची मुरमाड, तर दुसऱ्या टोकाला बारमाही दलदल. बनातली वाळूसर जमीन पुष्कळदा मधल्या, फसव्या प्रतीत बसते. तिला ‘काहीशी अपुऱ्या निचऱ्याची’ असे म्हणावे. ती पाणथळ नव्हे, कारण उन्हाळ्यात हात-दोन हात खाली ठणठणीत कोरडी असते. पण पावसाळ्यात काही आठवडे पाणी दीड-दोन फुटांवर येऊन बसते. वरून डबके दिसत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. उसाची निम्म्याहून अधिक कामाची मुळे याच दीड-दोन फुटांत असतात, आणि नेमकी तीच गुदमरतात.

आता वाळूत पाणी थांबते कसे? वाळूतून पाणी झरझर खाली जाते हे खरेच आहे. पण खाली जाऊन ते कोठे जाते हा खरा प्रश्न. पुराने आणून टाकलेल्या जमिनीत थर असतात. एका पुराने वाळू टाकली, दुसऱ्याने गाळ. तीन-चार फूट वाळूखाली चिकण शाडूचा वीतभर थर असला, तरी तो हौदाच्या तळासारखे काम करतो. थर नसला तरी ओढ्याचे पाणी फुगले की बाजूच्या वाळूतले पाणीही त्याच पातळीला येते. म्हणजे वाळूसर माती आणि निचऱ्याची माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निचरा वरच्या मातीवर कमी आणि खालच्या वाटेवर जास्त ठरतो.

यात एक हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे. वाळूसर मातीत पाणी निथळून मोकळी होणारी पोकळी शंभरात वीस-पंचवीस भाग असते. म्हणजे जास्तीचे एक इंच पाणी खाली उतरले, की आतली पातळी चार-पाच इंच वर चढते. आता पाटपाण्याचे पाहू. फूटभर वाळूसर मातीत पिकाला घेता येईल असे पाणी जेमतेम इंचभर मावते. मुळांच्या दोन फुटांत दोन इंच. त्यातले निम्मे उसाने वापरले असेल, तर भरून काढायला एकच इंच लागते. आपण सरी तुडुंब भरून देतो तीन इंच. उरलेले दोन इंच खाली जाऊन पातळी आठ-दहा इंच वर आणतात. एकरी एक इंच म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. तेव्हा प्रत्येक पाळीला दोन लाख लिटर आपण आपल्याच पिकाच्या मुळाशी साठवतो, वर त्याचे वीजबिलही भरतो. ‘‘हलकी जमीन, पाणी जास्त लागतं’’ असे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. तिला पाणी वारंवार लागते, प्रत्येक वेळी थोडे.

मग बन उभे होते तेव्हा हे पाणी कोठे जात होते? बाभळीची मुळे खोल जातात आणि झाड बारा महिने खालचे पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडते. बन म्हणजे त्या जागेवरचा फुकटचा पंपच. तो आपण कुऱ्हाडीने बंद केला आणि वरून उसाचे पाणी सुरू केले. पातळी वर येणारच.

पहिली लागण चांगली का येते, याचेही उत्तर बनातच आहे. वर्षानुवर्षे पाला-शेंगा पडून वरच्या चार-सहा इंचांत काळपट, भुसभुशीत थर तयार झालेला असतो. या जमिनीची सगळी श्रीमंती तेवढ्यातच. त्याखालची वाळू फिकट आणि नुसती असते. नांगरट झाली, ऊन-पाणी लागले, की वाळूतला सेंद्रिय भाग भराभर जळून जातो. दोन-तीन पिकांत ती शिल्लक संपते आणि त्याच सुमारास पाणीही वर आलेले असते. दोन्ही संकटे एकदमच येतात, म्हणून शेतकरी गोंधळतो.

आता ही जमीन ओळखावी कशी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, कुदळ लागते. लागणीपूर्वी चैत्र-वैशाखात शेताच्या सर्वांत सखल भागात, बांधापासून दूर, चार फूट खोल खड्डा घ्या. एक बाजू सुरीने तासून सरळ करा आणि सकाळच्या उजेडात पाहा. त्या वेळी पाणी नसेल, पण पाण्याने आपली खूण मागे ठेवलेली असते.

मातीला तांबूस-पिवळा रंग लोहामुळे असतो. माती पाण्याने भरून राहिली की तिच्यातली हवा संपते, आणि हवेविना लोह पाण्यात विरघळते. विरघळले की जागा सोडते. जेथून गेले तेथे माती राखाडी पडते. पाणी उतरल्यावर जुन्या मुळांच्या वाटांनी, गांडुळांच्या बिळांनी हवा आत येते आणि तेथे लोह पुन्हा गंजते. लोखंडी खिळ्याच्या गंजासारखे ते तांबडे ठिपके व दोरे असतात. राखाडी मातीत तांबडे ठिपके म्हणजे ‘इथवर पाणी चढते, पुन्हा उतरते’ अशी जमिनीने ठेवलेली नोंदवहीच. आपल्या काळ्या रानात हे ठिपके नजरेला लवकर येत नाहीत. फिकट वाळूत मात्र स्वच्छ दिसतात.

ठिपके कोठून सुरू होतात ते टेपने मोजा. तीन फुटांच्या खाली असतील तर बेताचे पाणी देऊन ऊस घ्यायला हरकत नाही. एक ते दोन फुटांत असतील तर चर काढल्याशिवाय लागणीचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुटाच्या आतच राखाडी माती लागली आणि नासक्या अंड्यासारखा वास आला, तर तेथे बन होते तेच बरे होते. खड्डा बुजवू नका. काटेरी फांद्या लावून ठेवा आणि भाद्रपदात त्यात पाणी किती वर येते ते पाहा, म्हणजे ठिपक्यांचा ताळा मिळेल. लव्हाळा माजणे, ओढ्याच्या बाजूला पाणकणीस दिसणे, उसाच्या खालच्या कांड्यांना बाहेर मुळ्या फुटणे याही खुणा आहेत. पण त्या दिसेपर्यंत पैसा गेलेला असतो.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झाले. डॉ. हॅरॉल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली ती १९१० साली. पंचवीस वर्षांत पाणी वर येऊन जमिनी खराब झाल्या होत्या. त्या बहुतेक भारी जमिनी. वाळूसर जमिनीत हाच खेळ याहून लवकर होतो, पण दुरुस्तीही लवकर होते. हा तिचा मोठा गुण म्हटला पाहिजे. वाट मिळाली की वाळू पाणी सोडते, आणि क्षार साठले असतील तर तेही धुऊन जातात.

चर काढताना आधी शेवट पाहावा. ओढ्याचे पावसाळ्यातले पाणी चराच्या तोंडापेक्षा वर असेल, तर चर उलटा वाहील. उघडा चर तीन-चार फूट खोल ठेवावा, आणि वाळू ढासळते म्हणून बाजू उभ्या न ठेवता फुटाला दीड-दोन फूट उतार द्यावा. काळ्या रानासारखा उभा चर येथे एका वळवाच्या पावसात बुजतो. सच्छिद्र पाइप टाकायचा असेल तर त्याला गाळणीचे कापड गुंडाळलेलेच असावे. नाहीतर दोन पावसाळ्यांत पाइप वाळूने भरतो. पाणी वरच्या रानातून किंवा पाटातून पाझरत असेल, तर वरच्या बांधालगत एक आडवा चर पुष्कळदा सगळे काम करून जातो. चराचे तोंड शेजाऱ्याच्या रानात सोडून तंटे झालेली उदाहरणे आपल्या गटांत कमी नाहीत. ओढ्यापर्यंतची वाट चार-पाच जणांनी मिळून आधी ठरवावी. एकट्याने काढलेला चर बहुधा बांधाशीच थांबतो.

या जमिनीत नत्र दोन वाटांनी जाते. वाळूतून धुपून जाते आणि पाणी साठले की हवेत उडते. म्हणून शिफारशीतले १०, ४०, १०, ४० टक्के हे हप्ते तसेच न देता चाळीसचे दोन्ही हप्ते निम्मे निम्मे करून द्यावेत. ठिबक असेल तर उत्तमच. प्रेसमड, शेणखत, धैंचा यांत कंजुषी नको. जिप्सम मात्र उगाच टाकू नये. ते चोपण जमिनीचे औषध आहे आणि माती तपासल्यावरच द्यायचे. फुले २६५ ही जात अशा जागी त्यातल्या त्यात तग धरते, तरी तिलाही मुळाशी हवा लागतेच.

ज्यांचे बन अजून उभे आहे त्यांनी ते सरसकट मोडू नये. ओढ्याकडचा पट्टा तरी राखावा. सखल कोपऱ्यात ऊस न घेता बाभूळ, बांबू ठेवला तर वरच्या रानाचे पाणी तो ओढत राहतो.

खड्डा घेणे जमत नसेल त्यांच्यासाठी गट कार्यालयात गिरमिट ठेवले आहे. लागणीची नोंद देण्यापूर्वी शेतकी मदतनिसाला सोबत नेऊन चार ठिकाणी छिद्रे घ्यावीत, आणि दर फुटाची माती वेगळ्या कागदावर क्रमाने मांडून आमच्याकडे आणावी. माती ओली असतानाच आणा. वाळली की रंग बदलतो.