कॉलर चावणाऱ्या मुलाला काय हवं असतं?

शाळेतून आलेल्या शर्टाची कॉलर ओलीचिंब, बाहीच्या टोकाला भोकं, पेन्सिलीचा मागचा भाग दातांनी सोललेला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं हे पाहिलं, की घरात ओरडा सुरू होतो. ओरडण्याआधी एक करून बघा. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली टणक होतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू.

या स्नायूत ताण मोजणारे सूक्ष्म तंतू असतात. प्रत्येक चाव्याबरोबर ते मेंदूला खबर देतात. आपलं शरीर कुठे आहे, किती जोर लावतंय, हे स्नायू-सांध्यांच्या या संवेदनेतूनच कळतं. काही मुलांना ती जास्त प्रमाणात लागते. गोंगाटात, परीक्षेच्या धास्तीत किंवा कंटाळा आल्यावर ही मुलं चावत राहतात, आणि त्या लयीत बऱ्याच जणांना शांत वाटतं. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी संवेदनांच्या अशा मेळाची मांडणी केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं.

मात्र हे निदान नव्हे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच बजावलं होतं, की संवेदनांची अडचण हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवू नये. स्वमग्न मुलांमध्ये चावणं बरेचदा दिसतं. पण चावतो म्हणून मूल स्वमग्न ठरत नाही. दीड-दोन वर्षांपर्यंत तर सगळंच तोंडात जातं. पाटीवरची पेन्सिल, माती, खडू मूल गिळत असेल, तर गोष्ट वेगळी. रक्तात लोह कमी असू शकतं. डॉक्टरांकडून तपासणी हवीच. बटणासारखे सेल आणि जुन्या रंगाचे पोपडे मात्र हाताशी येताच कामा नयेत.

आठवडाभर वहीत नोंद ठेवा: कधी, कुठे, काय चावलं? गणिताच्या तासालाच कॉलर ओली होत असेल, तर उपाय गणितात शोधायला हवा. मधल्या सुट्टीत खायला गाजर, कडक भाकरी द्या. तासाला चावायला सिलिकॉनचं सुरक्षित चघळणं द्या आणि बाईंना आधी सांगून ठेवा. दात झिजत असतील किंवा चावणं वाढतच असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.

नुसतं ‘चावू नको’ म्हटल्याने गरज संपत नाही. कॉलर सुटते आणि नखं तोंडात जातात. मुलाने स्वतःपुरता एक उपाय शोधलेला असतो. तो हिसकावून घेण्यापेक्षा त्याहून चांगला उपाय त्याच्या हाती देणं हे मोठ्यांचं काम आहे.