बेट धोकादायक का ठरते?

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून ‘प्रवाशांनी टाळावीत अशी जगातील भयंकर बेटे’ अशी एखादी यादी छापून येते. कुठे विषारी साप, कुठे धुमसता ज्वालामुखी, कुठे अणुस्फोटांनी नासलेली जमीन. विद्यार्थी हे आवडीने वाचतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची चर्चा होते. शिक्षकांनी या उत्सुकतेचा उपयोग करून घ्यावा आणि एक प्रश्न फळ्यावर लिहावा: धोका बेटावर असतो, की बेटावरून परतण्याच्या वाटेवर?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. जुने ठाणे शहर साष्टी बेटावर वसलेले आहे. त्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आणि उत्तरेला उल्हास नदीची खाडी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला थांबली, कारण पुढे पाणी होते. खाडीवर पूल झाला आणि १८५४ साली गाडी कल्याणला पोहोचली. आज डोंबिवलीहून मुंबईला जाणारा प्रवासी कळवा आणि ठाणे यांच्या दरम्यान मुख्य भूमी सोडून रोज एका बेटावर उतरतो, पण ते त्याच्या लक्षातही येत नाही. याच उल्हासच्या मुखाकडे, नायगाव आणि भाईंदर यांच्या मध्ये पाणजू बेट आहे. रेल्वेची वाट या बेटावरून जाते, पण गावकऱ्यांची ये-जा पिढ्यान्‌पिढ्या होडीनेच होत आली आहे. पाणी दोन्हीकडे तेच आहे. फरक आहे तो परतीच्या वाटेत. ही गोष्ट मनात ठेवून आधी जगातील काही प्रसिद्ध बेटांकडे पाहू या.

सापांचे बेट

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर केमादा ग्रांदे हे ४३ हेक्टरांचे बेट आहे. हिमयुग संपताना समुद्राची पातळी वाढली आणि सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी हा भाग मुख्य भूमीपासून तुटला. त्यावर अडकलेल्या सापांपासून पिवळसर सोनेरी रंगाची एक वेगळी जात तयार झाली. हे साप मुख्यतः पक्ष्यांवर जगतात. दंश झालेला पक्षी दूर उडून गेला तर भक्ष्य हातचे जाते, म्हणून झटपट काम करणारे विष येथे उपयोगी पडले असावे, असा खुलासा केला जातो.

या बेटावर ‘दर चौरस मीटरला एक साप’ आहे असे यादीत हमखास लिहिलेले असते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. ४३ हेक्टर म्हणजे ४ लाख ३० हजार चौरस मीटर. एवढे साप खातील काय? प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले अंदाज काही हजारांचेच आहेत. ही जात आज नष्ट होण्याच्या मार्गावर असून बेटावर संशोधकांनाही परवानगीशिवाय जाता येत नाही.

शांत दिसणारा डोंगर

न्यूझीलंडजवळचे व्हाकारी हे ज्वालामुखीचे बेट. ९ डिसेंबर २०१९ रोजी तेथे अचानक स्फोट झाला तेव्हा ४७ माणसे बेटावर होती. त्यांपैकी २२ जण दगावले. असे स्फोट बहुधा वाफेचे असतात. खडकात मुरलेले पाणी तापून दाबाखाली राहते आणि दाब एकाएकी सुटला की त्याची वाफ होते. साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १७०० पट होते. असा स्फोट काही सेकंदांत होतो, पळायला वेळ मिळत नाही. इशाऱ्याची पातळी तीन आठवडे आधीच वाढवलेली होती, तरीही सहली चालूच होत्या.

आपल्याकडे अंदमानातील बॅरन बेटावर भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर तो दीडशेहून अधिक वर्षे निवांत होता. १९९१ साली पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून राख व लाव्हा बाहेर टाकत आहे. माणसाच्या दोन-तीन पिढ्यांची शांतता ही ज्वालामुखीच्या आयुष्यात एक डुलकीच असते.

माणसाने नासवलेले बेट

प्रशांत महासागरातील बिकिनी या कंकणद्वीपावरील १६७ रहिवाशांना अमेरिकेने १९४६ साली हलवले आणि १९५८ पर्यंत तेथे २३ अणुस्फोट केले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबे घरी परतली, पण १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. धोका त्यांच्या जेवणातून येत होता. किरणोत्सारी सीझियम-१३७ हे मूलद्रव्य रासायनिक गुणांनी पोटॅशियमसारखे आहे. नारळाच्या झाडाला पोटॅशियम भरपूर लागते, त्याबरोबर ते सीझियमही शोषून घेते आणि ते शहाळ्यात उतरते. सीझियम-१३७चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे. म्हणजे १९५४ साली पडलेल्या सीझियमपैकी ७० वर्षांनी, २०२४ मध्ये, जवळजवळ एक पंचमांश शिल्लक होते. दिसायला मात्र ते नारळाचे बन कोकणातल्या कुठल्याही वाडीसारखेच आहे.

धोका कोणाला?

अंदमानातील उत्तर सेंटिनल बेटाचे नाव अशा यादीत वरच्या क्रमांकावर असते. २०१८ साली बेकायदा तेथे उतरलेला एक अमेरिकन तरुण तेथील रहिवाशांकडून मारला गेला. पण या बेटाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. १८८० मध्ये ब्रिटिश अधिकारी पोर्टमन याने तेथील सहा जणांना पकडून पोर्ट ब्लेअरला नेले. त्यांतले वृद्ध जोडपे आजारी पडून दगावले आणि मुलांना परत पाठवावे लागले. हजारो वर्षे वेगळे राहिलेल्या समाजाला आपले साधे सर्दी-पडशाचे रोगही घातक ठरू शकतात. १९५६च्या नियमांनुसार तेथे जाण्यास बंदी आहे. तिचा पहिला हेतू रहिवाशांना आपल्यापासून वाचवणे हा आहे.

या सर्व बेटांत एक साम्य आहे. ती दूर आहेत, तेथे जायला जहाज लागते आणि बहुतेक ठिकाणी कायदा आडवा येतो. ठाण्या-कल्याणच्या मुलांना त्यांच्यापासून जवळजवळ काहीच धोका नाही. धोका आहे तो ज्यांवर चालत जाता येते त्या बेटांपासून. ती कुठल्याही यादीत नसतात.

काही तासांची बेटे

अलिबागचा कुलाबा किल्ला हे त्याचे चांगले उदाहरण. ओहोटीला वाळूवरून चालत किल्ल्यात जाता येते. भरतीला तोच किल्ला बेट होतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीतील फरक पाच मीटरांच्या जवळ जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, पण ओहोटीला पुरेसे उतरतही नाही. त्यामुळे वाट नीट कोरडी पडेलच असे नाही.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. ओहोटी ते भरती या सहा तासांत एकूण चढ बारा भागांत वाटला, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. एकूण चढ ४.८ मीटर धरला, तर पहिल्या तासात ४० सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात १२० सेंटिमीटर, म्हणजे दर मिनिटाला २ सेंटिमीटर. पहिल्या तासात ‘पाणी काही विशेष वाढत नाही’ असे वाटून माणसे निवांत बसतात, आणि ती उठेपर्यंत वाट कमरेइतक्या पाण्याखाली गेलेली असते.

भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. यामागचे शास्त्र असे: एका तिथीत चंद्र सूर्याच्या तुलनेत १२ अंश पुढे सरकतो. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटे. तोंडी हिशेबाला सोपे म्हणून पाऊण तास धरला गेला. सहलीची गाडी डोंबिवलीहून निघून चतुर्थीच्या दिवशी दहा वाजता अलिबागला पोहोचली, तर पाणी चढायला लागून तास झालेला असतो. त्या दिवशी मुलांना किल्ल्याच्या वाटेवर नेऊ नये. षष्ठीला मात्र ओहोटी साडेदहाच्या सुमारास येते.

हे गणित अंदाजापुरते आहे. प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावे आणि स्थानिक कोळ्यांना विचारावे. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला उघडा पडणारा गाळ हीसुद्धा जमीन समजू नये. त्यात गुडघ्यापर्यंत पाय रुतला की चालण्याचा वेग घटतो, पाण्याचा घटत नाही.

पावसाळ्यातली बेटे

उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते. घाटावर पडलेले पाणी खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे खाली ऊन असतानाही पूर येऊ शकतो. शिवाय कल्याणच्या आसपास नदीला खाडीचे पाणी भेटते. उधाणाच्या वेळी पूर आला तर पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही आणि ते काठावरच्या वस्त्यांत पसरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बदलापूर-कल्याणकडच्या लोकांनी हे भोगले आहे.

२७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. सुमारे हजार प्रवाशांसाठी गाडी हेच बेट झाले. खाली उतरू नका, गाडीतच थांबा, असे रेल्वेने प्रवाशांना सांगितले. मदत येईपर्यंत प्रवासी गाडीत राहिले आणि सर्व जण सुखरूप बाहेर आले. बेटापेक्षा भोवतालचे पाणी धोक्याचे असते तेव्हा बेट न सोडणे हाच शहाणपणा.

उलट उदाहरण ३० जून २०२४चे. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकले. पाणी वाढत गेले, किनारा काही पावलांवर होता, तरी पोहोचता आले नाही. पाच जण वाहून गेले आणि दगावले. त्यांत लहान मुले होती.

काही पावलांचे अंतर का कापता येत नाही? वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या दोन पायांचे प्रवाहासमोरचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर धरू. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर जोर सुमारे ६० न्यूटन, म्हणजे ६ किलो वजनाइतका. वेग ३ मीटर झाला की तो नऊपट, ५४ किलो वजनाइतका होतो. शिवाय पाण्यात शरीराचे वजन अंशतः पेलले जाते, त्यामुळे पायांची तळाशी पकड कमी होते. पाणी गुडघ्याइतकेच असते आणि माणूस वाहून जातो.

वर्गासाठी

सहलीपूर्वी विद्यार्थ्यांकडूनच चार प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत. जाण्याची वाट कोणत्या वेळी बंद होते? त्या दिवशीची तिथी कोणती आणि भरती केव्हा? नदी-ओढा असेल तर वरच्या भागात पाऊस आहे का? अडकलोच तर उंच, भक्कम जागा कोणती, आणि कोणाला कळवायचे? यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, तर पाण्यापलीकडे जाऊ नये.

दुसरा उपक्रम वर्षभर चालेल असा आहे. आपल्या गावाचा किंवा प्रभागाचा नकाशा घ्यावा. उल्हास, काळू, भातसा आणि खाडी त्यावर रंगवावी. पुरात किंवा उधाणात वेढली जाणारी वस्ती, रस्ता, खडक, बांध विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर मांडावेत आणि पाणी किती वेळात चढते तेही लिहावे. असा नकाशा शाळेच्या फलकावर जूनच्या पहिल्या आठवड्यात लागलेला असावा.