दुबईच्या बाजारीं माल धाडणाऱ्यांस कांहीं सूचना

नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील द्राक्षें, डाळिंबें व कांदा पूर्वीं बहुतेक मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातून परदेशीं जात असे. आतां कित्येक बागाईतदार स्वतःच्या नांवानें निर्यातीची नोंदणी करून न्हावाशेवा बंदरांतून माल धाडतात, आणि गिऱ्हाइकाची समक्ष गांठ घेण्यासाठीं दुबईस जाऊन येतात. ही गोष्ट आम्हांस अभिमानाची वाटते. परंतु घरच्या पेठेंत ज्यास कोणी सहसा फसवूं शकत नाहीं, तोच मनुष्य परमुलुखांत चटकन गळास लागतो; कारण तेथें त्याच्या पाठीशीं बाजारसमिती नसते, ओळखीचा आडत्या नसतो, आणि कोर्टाची भाषाही अरबी असते.

तेथील लबाडीची एक ठरलेली तऱ्हा आहे. एखाद्या चांगल्या इमारतींत नवें ऑफिस उघडलें जातें. पहिली मागणी लहान असते व तिचे पैसे रोख मिळतात. दुसरीचेही मिळतात. तिसऱ्या वेळीं पांचसहा कंटेनरांची मागणी येते आणि मोबदल्यांत पुढील तारखेचा चेक हातीं पडतो. माल बंदरांतून सुटतांच मिळेल त्या भावानें विकला जातो. चेक वटविण्याचा दिवस उजाडतो तेव्हां ऑफिसास कुलूप असतें.

आपल्या लोकांत अजून असा समज आहे कीं, त्या देशांत चेक परत गेला म्हणजे देणारा तुरुंगांत जातो. पूर्वीं तसें होतें. परंतु २ जानेवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातींत कायदा बदलला असून, केवळ खात्यांत शिल्लक नाहीं म्हणून चेक न वटणें हा आतां सामान्यतः फौजदारी गुन्हा राहिलेला नाहीं. मुद्दाम खातें बंद करणें, बँकेस पैसे देऊं नका असें कळविणें, बनावट सही करणें, हीं कृत्यें अद्याप गुन्हाच आहेत. एरवीं धन्यानें कोर्टामार्फत वसुली करावयाची; आणि ज्याचा ठावठिकाणाच नाहीं त्याच्यावर हुकूमनामा मिळवून काय उपयोग?

म्हणून नवीन गिऱ्हाइकाकडून कांहीं रक्कम आगाऊ घ्यावी, व बाकीची बँकेमार्फत कागदपत्रांवर वसूल करावी. मोठा व्यवहार असल्यास न फिरविण्याजोगें लेटर ऑफ क्रेडिट मागावें आणि तें आपल्या बँकेस दाखवून मगच माल भरावा. जहाज कंपनीची पावती, जिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, ती मालाची किल्लीच होय. मूळ प्रती गिऱ्हाइकाकडे परस्पर पाठवूं नयेत. त्या बँकेकडूनच जाव्यात, व शक्य तेथें माल बँकेच्या हुकमावर लिहावा. खरी अडचण नाशवंत मालाची आहे. जेबेल अलीचा प्रवास थोड्या दिवसांचा असल्यानें माल कागदांच्या आधीं पोंचतो, मग गिऱ्हाईक म्हणतो, "द्राक्षें सडतील, तारेनें माल मोकळा करा." याच घाईंत अनेकांचें बुडतें. पैसे आपल्या खात्यांत जमा झाल्याचें बँकेनें सांगितल्यावांचून माल मोकळा करूं नये. पैसे धाडल्याच्या पावतीचें चित्र म्हणजे पैसे नव्हेत. १९५७ सालीं स्थापन झालेलें व आज ई.सी.जी.सी. या नांवानें चालणारें केंद्र सरकारचें महामंडळ अशा बुडव्या येण्याचा विमा उतरवितें. त्याचा हप्ता आम्हांस जड वाटत नाहीं.

दुसरा फांसा मालाच्या प्रतीचा. माल पोंचला कीं कुजक्या घडांचीं चित्रें येतात व निम्म्या किंमतीची मागणी होते. करारांतच लिहून ठेवावें कीं, तक्रार माल उतरल्यापासून एक दिवसाच्या आंत, आणि तीही त्रयस्थ सर्वेक्षकाच्या दाखल्यासह करावी. कंटेनरांत तपमान नोंदणारें यंत्र ठेवल्यास दोष वाटेंत घडला कीं आधींचा, हें ठरविणें सोपें जातें.

प्रत्यक्ष तेथें गेल्यावर गिऱ्हाइकाच्या मेजवानीपेक्षां अल अवीरच्या भाजी-फळांच्या घाऊक बाजारांत त्याच्या शेजारच्या गाळेवाल्याशीं अर्धा तास बोलणें अधिक उपयोगाचें आहे. व्यापारी परवान्याचा नंबर सरकारी नोंदवहींत पडताळावा. परवाना महिन्याचा व मागणी लाखोंची असेल तर नमस्कार करून निघावें. समजत नाहीं अशा अरबी कागदावर सही करूं नये. पासपोर्ट कोणाकडेही गहाण ठेवूं नये.

सामानाविषयींही दक्षता हवी. दिवाळीच्या सुमारास जाणारी मंडळी स्नेह्यांसाठीं अनारसे नेतात. अनारशास खसखस लागते, आणि खसखस त्या देशांत बंदी असलेली वस्तु आहे! कोडीन असलेलीं खोकल्याचीं औषधेंही परवानगीवांचून नेतां येत नाहींत. दुसऱ्याचें पुडकें तर नातलगाचें असलें तरी घेऊं नये. २०१९ सालीं मुंबईच्या एका दांपत्याजवळ, नातेवाइकानें दिलेल्या पुडक्यांत चरस सांपडल्यामुळें, त्यांस कतारमध्यें दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून तीं २०२१ सालीं परत आलीं.

पासपोर्ट हरवल्यास आधीं पोलिसांत वर्दी द्यावी, व दुबईंतील भारतीय वाणिज्य दूतावासांत जावें. तेथें आपत्कालीन दाखला मिळतो; मात्र तो केवळ स्वदेशीं परतण्यापुरता असतो, त्यावर पुढील देशाचा प्रवास करतां येत नाहीं. पासपोर्ट व व्हिसा यांच्या नकला घरीं ठेवलेल्या असल्यास हें काम लवकर उरकतें.